प्रवासाचा हेतू

"आजी, कोरियाला कशासाठी निघालात?" खिडकीमागच्या मुलीने दुसऱ्यांदा विचारलं.

"फिरायला," त्सेवेलमा म्हणाली.

"या थंडीत?"

"थंडीचं काय सांगतेस मला? आमच्याकडे याच्या दुप्पट असते."

मागे रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मुलगी हसली नाही. व्हिसा केंद्रात बसणाऱ्यांना हसायचा पगार मिळत नाही. तिने अर्जाचं पान उलटलं, मग पुन्हा सुलटं केलं. त्सेवेलमाच्या शेजारी तिची भाची अरिऊना उभी होती. ती पुढे सरसावली.

"मावशीला समुद्र बघायचाय. जन्मात पाहिलेला नाही तिने."

पाहिलेला नव्हता हे खरं, पण बघायचाय ही शुद्ध थाप. एवढं पाणी एका जागी साठलेलं आणि तेही खारट, ज्याला शेळीसुद्धा तोंड लावणार नाही, असल्या पाण्यासाठी विमानात कोण बसतं, असं त्सेवेलमाने आदल्याच संध्याकाळी भाचीला ऐकवलं होतं. पण आत्ता तिने मान डोलावली.

मुलीने पुढचा कागद उचलला. गावच्या प्रमुखाने शिक्का मारून दिलेला तो दाखला होता: त्सेवेलमाकडे मेंढ्या, शेळ्या, घोडे आणि याक आहेत, सबब ती परत येईल. सोबत पुराव्यादाखल एक फोटो, त्यात मेंढ्यांच्या मधोमध निळा पायघोळ देल घालून उभी असलेली त्सेवेलमा. मेंढ्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या, ती भलतीकडेच.

"ही जनावरं तुमच्या नावावर आहेत?"

"माझ्या नावावर कशी असतील? ती स्वतःच्याच नावावर असतात. मी फक्त दूध काढते."

"मावशी," अरिऊना दातांमधून म्हणाली.

"हो, नावावर आहेत."

"तिकडे कोणी नातेवाईक?"

त्सेवेलमाने खिडकीच्या काचेकडे पाहिलं. काचेवर कोणाच्या तरी बोटांचे ठसे होते.

"कोणी नाही," ती म्हणाली.

ही दुसरी थाप. तिचा एकुलता एक मुलगा इंचॉनच्या एका इस्पितळात पडून होता. गेली पाच वर्षं तो तिकडे दारांच्या बिजागऱ्या बनवायच्या कारखान्यात होता, अगदी रीतसर परवान्यावर. थंडीच्या तोंडाशी, मांसासाठी जनावरं कापायचे दिवस चालू असताना, त्याच्या खोलीत राहणाऱ्या ओचिरचा फोन आला होता. "काकू, तुमच्या मुलाची तब्येत जरा जड आहे. येऊन गेलात तर बरं होईल."

जरा जड. आमच्यात याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. आमच्यात मेलेल्याला मेला म्हणत नाहीत, देव झाला म्हणतात. मरायला टेकलेल्याची तब्येत जड असते. आणि ज्याचं नुसतंच पोट दुखतंय त्याच्याबद्दल कोणी काही बोलतच नाही, उगाच कशाला दृष्ट लावा. फोन ठेवल्यावर त्सेवेलमाने अर्धवट कापलेलं मांस कापून पुरं केलं, आतडी धुतली, हात पुसले आणि नवऱ्याला सांगितलं, "मला शहरात जायला लागेल. कोरियाचा व्हिसा काढायचाय." नवऱ्याने, लुव्सानने, का म्हणून विचारलं नाही. तो गेरच्या, त्यांच्या गोल तंबूच्या, बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

लुव्सानचं न विचारणं साहजिक होतं. या मुलाआधी त्यांची दोन मुलं गेली होती. त्यातल्या पहिल्याला ताप भरला तेव्हा लुव्सान जवान होता आणि तोंडाचा फटकळ. "हा काही सकाळ बघत नाही," असं तो सहज बोलून गेला. पोराने खरंच सकाळ पाहिली नाही. बोलाफुलाला गाठ पडली म्हणा. पण गाठ ज्याच्या गळ्यात पडते त्याला असं म्हणता येत नाही. तेव्हापासून लुव्सान आभाळ भरून आलं तरी बर्फ पडेल म्हणत नसे. तिसरा झाला तेव्हा त्यांनी त्याचं नाव हुन्बिश ठेवलं. म्हणजे ‘माणूस नव्हे’. मुलं जगत नसली की आमच्यात असलीच नावं ठेवतात. मरण दाराशी आलं तर घरात माणूसच नाही म्हणून सांगायचं. आणि मरणही इतकं भोळं की पस्तीस वर्षं फसत राहिलं.

तेव्हा असा हा अर्ज. तो भरायला अरिऊना बसली होती, तिच्या स्वयंपाकघरात, मांडीवर संगणक घेऊन. अरिऊना दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. शहरात शिकलेली, लामांना हसणारी, मंगळवारी प्रवासाला निघू नये म्हटलं तर मुद्दाम मंगळवारीच निघणारी. प्रवासाचा हेतू या रकान्यापाशी येऊन ती थांबली.

"मावशी, इथे खरं लिहायला हवं. आजारी नातेवाईक असं लिहिलं की लवकर देतात म्हणे. फक्त खाली सविस्तर लिहायचं."

"काय सविस्तर?"

"हेच की दादाला..."

"दादाला काय?"

अरिऊनाची बोटं अक्षरांवर तशीच राहिली. तिने एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा चुलीवर उकळणाऱ्या चहाकडे. मग ती म्हणाली, "नुसतं आजारी म्हटलं तर विचारतील किती आजारी."

"मग लिहू नकोस."

"पण मावशी..."

"तुला येतंय का लिहायला? येत असेल तर लिही. मी बघत नाही."

त्सेवेलमाने खरोखरच पाठ फिरवली आणि चहात रीतीप्रमाणे मीठ टाकलं.  मंगळवारी निघणाऱ्या अरिऊनाचासुद्धा त्या जागी हात उचलला नाही. मग तीच सांगू लागली की केंद्रासमोर कागदांच्या प्रती काढून देणारा एक माणूस बसतो, तो म्हणतो मुलगा तिकडे आहे असं कळलं की त्यांना वाटतं ही म्हातारी जाऊन तिकडेच राहील. त्यापेक्षा सहल लिहा. सहलीला कोणी नाही म्हणत नाही. दोघींना ते एकदम पटलं. असला सल्ला पटायला अक्कल लागत नाही, भीती पुरते.

अर्ज दिल्यावर नुसती वाट बघायची होती. त्सेवेलमाने गावाहून मुलासाठी वाळवलेल्या दह्याचे खडे आणले होते, कारण ओचिर म्हणाला होता की त्याला अन्न जात नाही, तेवढं एक चघळायला मागतो. पिशवी खिडकीपाशी टांगून ठेवली होती. रोज दुपारी हुन्बिशचा फोन येई. चित्र दिसणारा फोन, पण तो कॅमेरा अशा बेताने धरी की कपाळ आणि केस तेवढे दिसत.

"आई, कागदांचं काय झालं?"

"चाललंय रे. मोठ्या साहेबाच्या टेबलावर आहे. सरळ धर की जरा, तोंड दिसू दे."

"इथे उजेड कमी आहे. मी बरा आहे, तू सावकाश ये."

"काय जेवलास?"

"भात. माशाचं कालवण."

"मासा! त्यात काय ताकद असते? येताना मांस आणते."

"आणू देत नाहीत विमानात."

"देलच्या आत लपवते. कोण हात घालतोय म्हातारीच्या देलमध्ये!"

तो हसायचा. हसताना मध्येच त्याचा श्वास तुटायचा आणि मग फोनही तुटायचा. ओचिर कामावरच्या पाळीनंतर वेगळा फोन करून सांगायचा, "आज जरा जड होतं, काकू." असं रोज चाललं होतं. कधी जरा जड, कधी बऱ्यापैकी जड.

पासपोर्ट परत आला तो कोरा. आत एक चिठ्ठी, तिच्यावर एक ओळ: प्रवासाचा हेतू पटण्यासारखा नाही. अरिऊनाने ती ओळ वाचून दाखवली आणि रडू लागली. त्सेवेलमा रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो कोणावर काढायचा हे तिला समजत नव्हतं. ती ओळ लिहिणाऱ्या साहेबाचं काही चुकलं नव्हतं. तिला स्वतःलाही तो हेतू पटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या परत त्याच खिडकीपाशी गेल्या. बाहेर कोळशाच्या धुराने रस्त्याचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. आत लोक पापण्यांवर गोठलेलं दव पुसत रांगेत उभे होते.

"तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल," मुलगी म्हणाली.

"तीन महिने चालायचे नाहीत."

"समुद्र कुठे पळून जात नाही, आजी. उलट उन्हाळ्यात छान असतो."

"चालायचे नाहीत म्हणते ना."

"का पण?"

अरिऊनाने मावशीचा दंड धरला. रांगेत मागे उभा असलेला म्हातारा खाकरला. त्सेवेलमाने दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवले, आणि आयुष्यभर जे जिभेच्या टोकापर्यंतसुद्धा येऊ दिलं नव्हतं ते सरळ बोलून टाकलं.

"माझा मुलगा तिकडे मरतोय."

तिचा आवाज मुळातच डोंगराच्या पलीकडे हाक पोचवणाऱ्यांपैकी. सगळ्या दालनाला ऐकू गेलं. मागच्या म्हाताऱ्याने तोंड फिरवून मंत्र पुटपुटायला सुरुवात केली. एक पोटुशी बाई कोटाने पोट झाकून दुसऱ्या रांगेत निघून गेली. अरिऊनाने स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेतली, जसं काही तीच बोलली होती.

खिडकीमागच्या मुलीचा चेहरा उतरला. आतापर्यंत ती केंद्राची होती, आता एकदम आमच्यातली झाली.

"आजी, असं तोंडातून काढू नका हो."

"मग काय करू? मघापासून का का विचारत होतीस ना?"

मुलीने संगणकात काहीतरी शोधलं आणि आवाज खाली आणला. "पण तुम्ही तर लिहिलंय, तिकडे कोणी नाही. या खिडकीवर मीच विचारलं होतं. आता मुलगा कुठून आला म्हणून विचारतील वरचे."

"पोटातून आला. मुलं कुठून येतात?"

"तसं नाही..." मुलीने इकडेतिकडे पाहिलं. "ऐका. इस्पितळाचं पत्र लागेल. आजाराचं नाव, आणि किती... म्हणजे डॉक्टरला काय वाटतं, किती... ते सगळं लिहिलेलं हवं. त्याच्याबरोबर आधीचं खोटं का लिहिलं त्याचा खुलासा. मी ते तातडीचं म्हणून वर देते. तरी दोन आठवडे लागतीलच. त्याच्या आत कधी होत नाही."

"दोन आठवडे," त्सेवेलमा म्हणाली.

"पत्र आल्यापासून."

बसमध्ये त्सेवेलमा मनाशी तपासून बघत होती, काही झालं का. शब्द तर सुटला होता. आभाळ कोसळलं नव्हतं. की कोसळलं होतं आणि बातमी यायची होती? घरी पोचताच तिने ओचिरला फोन लावला. मुलगा आहे तसाच आहे हे ऐकून ती कोट न काढताच दाराशी स्टुलावर बसली. मग तिने पत्राचं सांगितलं.

"ते मी आधीच विचारून बघितलंय काकू," ओचिर म्हणाला. "मला देत नाहीत. मी नात्यातला नाही. पेशंटची सही लागते."

"मग घे त्याची सही."

"काय सांगून घेऊ?"

"इन्शुरन्ससाठी म्हण," अरिऊना मागून ओरडली.

"त्याला कोरियन माझ्यापेक्षा चांगलं वाचता येतं. सही करायच्या आधी वाचणार. आणि वाचलं की कळणार." ओचिरने पलीकडे दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "त्याला कोणी काही सांगितलेलं नाही, काकू. आम्ही सगळे लवकर बरा होशील म्हणतो, तोही हो म्हणतो. मी त्याच्याबरोबर एका खोलीत राहिलोय, एका ताटात जेवलोय. माझ्याने नाही होणार. तुम्ही शिव्या द्या, चालेल."

त्सेवेलमाने शिव्या दिल्या नाहीत. तिची अडचण आता तिला बर्फात उमटलेल्या मेंढीच्या पावलासारखी स्वच्छ दिसत होती. मुलाजवळ पोचायचं तर पत्र हवं, पत्र हवं तर त्याला सही करायला सांगायला हवं, आणि सही कशाला हे सांगणं म्हणजे तू जाणार हे सांगणं. तिने काचेमागच्या परक्या पोरीला सांगितलं, ते कसंबसं जमलं. पण ज्याचं मरण त्यालाच, आणि तेही आईने? कुठल्या आईने केलंय असं आजवर? तिला त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तिने खिडकी उघडून बाहेरच्या दिशेने चमचाभर दूध उडवलं. प्रवासाला निघणाऱ्यासाठी उडवतात तसं. कोणासाठी उडवलं हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दुपारी फोन वाजला तेव्हा अरिऊना कणीक मळत होती. तिने पिठाच्या हाताने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर कपाळ आणि केस आले.

"बाळा," त्सेवेलमा म्हणाली, "एक कागद हवाय."

"कसला?"

"तुझ्या डॉक्टरकडून. त्याच्यावर तुझी सही लागते."

"काय लिहिलेलं हवं त्यात?"

अरिऊनाचे हात थांबले.

"की तुझी तब्येत जड आहे."

"जड म्हटलेलं चालेल त्यांना?"

"नाही."

"मग?"

"मग ते दुसरं." त्सेवेलमाने पदरासारखा देलचा काठ मुठीत धरला. "खरं असेल ते."

पडद्यावरचं कपाळ नाहीसं झालं. छत दिसलं, सलाईनची नळी दिसली, काहीतरी खडबडलं. मग पहिल्यांदाच सगळा चेहरा समोर आला. पिवळा, हाडांवर ताणलेला, डोळे तेवढे तिच्या ओळखीचे. त्याच्या हातात एक पाकीट होतं, घड्या पडून मऊ झालेलं.

"हेच ना?" हुन्बिश म्हणाला.

"काय आहे ते?"

"तेच. पहिल्याच आठवड्यात दिलंय डॉक्टरने. म्हणाला घरी पाठव, घरच्यांना लगेच व्हिसा मिळेल. तेव्हा अजून झाडांना पानं होती."

अरिऊना मटकन खाली बसली. त्सेवेलमा त्या पाकिटाकडे बघत राहिली. झाडांना पानं होती. म्हणजे ओचिरचा फोन येण्याआधी. जनावरं कापायच्याही आधी. तेव्हा पाठवलं असतं तर आज ती त्याच्या उशाशी असती, त्या माशाच्या कालवणाला नावं ठेवत.

"मग पाठवलंस का नाहीस, गाढवा?" ती ओरडली. "का नाही पाठवलंस?"

"कोरियनमध्ये आहे ना. तुला कोणीतरी वाचून दाखवलं असतं. मोठ्याने, घरात, बाबांच्या समोर." त्याने श्वास घेतला. "मला वाटलं तू सहलीचा व्हिसा काढून येशील. मग काही बोलायलाच नको."

"आणि माहीत असून रोज बरा आहे, बरा आहे म्हणत होतास?"

"तूही कुठे विचारलंस, आई?"

 तिने तोंड पुसलं. रडायला वेळ नाही, असं तिने स्वतःला बजावलं. ती भराभर बोलू लागली. पाकीट ओचिरकडे दे. आजच्या आज फोटो काढून पाठवू दे. अरिऊना उद्या अर्ज भरेल. खिडकीवरची पोरगी चांगली आहे, ती वर पोचवते म्हणालीय, मग दोन आठवडे, की आलेच मी.

"दोन आठवडे?"

"त्याच्या आत होत नाही म्हणते. पण मी मागे लागते तिच्या. बसूनच राहते तिथे."

 शेजारच्या खाटेवर कोणीतरी टीव्ही लावला होता, त्यातले लोक हसत होते. हुन्बिशने पाकीट छातीवर ठेवलं.

"एवढं नाही जमायचं मला, आई."

"असं तोंडातून..." ती म्हणाली, आणि पुढचं तिने गिळून टाकलं. किती महिने गिळले होते दोघांनी. अजून किती गिळायचे?

"डॉक्टर काल म्हणाला," हुन्बिश म्हणाला. "त्यालाच आश्चर्य वाटतंय मी अजून आहे म्हणून. त्याला काय सांगू? आई येणार आहे म्हणून थांबलोय, म्हटलं. रोज संध्याकाळी वाटतं पुरे झालं, आणि मग दुपारी तुझा आवाज ऐकतो आणि परत एक दिवस थांबतो." त्याने डोळे मिटले आणि उघडले. "फार दुखतं गं, आई. तू खरं सांग. मी थांबू का?"

त्सेवेलमाने फोन डब्यापासून उचलून दोन्ही हातांत धरला.

"नको थांबूस, बाळा," ती म्हणाली. "मला यायला नाही मिळणार."